उंबरा खाली आला, घरात कोण आहे?

2024 च्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ या सॉफ्टवेअरच्या मेंटेनरांपुढे, म्हणजे ते सांभाळणाऱ्यांपुढे, एक विचित्र रांग लागली. एक्सप्रेस हे जावास्क्रिप्टमध्ये वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांचे रोजच्या वापरातले साधन. त्याच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या दर्शनी पानात, पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा हा बदल सामावून घ्या’ अशा विनंत्यांचा, धो धो पाऊस सुरू झाला. बदल काय, तर पानावर स्वतःचे नाव टाकलेले, नाहीतर एखादी निरर्थक ओळ जोडलेली. पाठवणारे बरेचसे भारतातले विद्यार्थी होते. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन. ते शिकवणाऱ्या एका लोकप्रिय व्हिडिओत उदाहरण म्हणून नेमका एक्सप्रेसचाच रेपो, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींचा साठा, वापरला होता आणि पाहणाऱ्यांनी तो धडा जसाच्या तसा गिरवला.

समाजमाध्यमांवर या मुलांची यथेच्छ टिंगल झाली. पण जरा थांबून पाहिले, तर त्यांनी फोर्क केला, म्हणजे रेपोची स्वतःची प्रत काढली, फाइल उघडली, बदल केला, पुल रिक्वेस्ट पाठवली. यांत्रिक भागात एकही चूक नाही. वीस वर्षांपूर्वी असा विद्यार्थी या दारापर्यंत पोहोचलाच नसता. ईमेलच्या यादीत किंवा फाइलींच्या मांडणीतच अडकला असता. रस्ता सोपा करण्यात सॉफ्टवेअरच्या जगाने खरोखरच मोठी मजल मारली आहे. दारातून आत आलेल्याने काय लिहावे आणि त्याने लिहिलेले कोणी वाचावे, हा प्रश्न मात्र तेवढ्या वेगाने सुटलेला नाही.

दुसरीकडे माणसांची गरज आहेच. असे रेपो जिथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळाने 2017 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाचे मोठे सर्वेक्षण केले. अपुरे किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन, म्हणजे सॉफ्टवेअर कसे वापरायचे ते सांगणारा मजकूर, हा सगळीकडे भेटणारा त्रास आहे, असे 93 टक्के लोकांनी सांगितले. त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी 60 टक्के जण म्हणाले की डॉक्युमेंटेशनसाठी आपण क्वचितच किंवा कधीच काही लिहीत नाही. म्हणजे गळक्या छताखाली सगळेच भिजतात, पण कौले शाकारायला शिडीवर चढणारे थोडे.

नवखेपणाची मुदत

हे काम नवख्यांवर का सोपवायचे? जाणकारांनीच का लिहू नये?

कारण जाणकाराला खड्डे दिसेनासे होतात. एखादे सॉफ्टवेअर बसवताना तिसऱ्या पायरीच्या आधी आणखी एक प्रोग्रॅम लागतो, हे त्याच्या इतके अंगवळणी पडलेले असते की ते लिहायचे असते हेच तो विसरतो. पहिल्यांदा बसवणारा तिथेच अडखळतो. नेमके काय नडले, हे त्या संध्याकाळी त्याला लख्ख आठवत असते. पंधरा दिवसांनी तोही सराईत होतो आणि ती अडचण त्याच्याही डोळ्यांआड जाते. नवखेपण हे असे मुदत असलेले भांडवल आहे. लिहिण्याची वाट जितकी लांब, तितके ते वाटेत आटत जाते.

हे ओळखून नवख्यालाच कामाच्या साखळीत जागा देणारा एक प्रकल्प मुंबईतला आहे. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहाएक मिनिटांचे धडे इथे तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचा आवाज भरला जातो. धड्याची संहिता तयार झाली की ध्वनिमुद्रणाआधी ती एका नवख्याच्या हाती दिली जाते. हे सॉफ्टवेअर कधी न वापरलेल्या माणसाने फक्त संहिता वाचून सगळ्या पायऱ्या करून पाहायच्या. तो जिथे अडेल तिथे संहिता दुरुस्त होते. विषयतज्ज्ञाची तपासणी वेगळी आणि ही वेगळी. इथे काही माहीत नसणे हीच पात्रता ठरते.

बहुतेक प्रकल्पांत अशी पायरी नसते. नवख्याने अडखळायचे, स्वतःच उठायचे आणि वर स्वतःहून येऊन दुरुस्ती सुचवायची, अशी अपेक्षा असते. तो कुठल्या वाटेने येणार, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

ईमेलपासून पेन्सिलीपर्यंत

युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी, म्हणजे ज्यांनी यंत्रणा घडवली त्यांनीच, ती लिहिली. प्रत्येक आज्ञेच्या पानावर दोषांसाठी स्वतंत्र रकाना ठेवण्याचा प्रामाणिकपणाही त्या मॅन्युअलचाच. पण लिहिणारे आणि वाचणारे एकाच इमारतीत बसत असतील तर दुरुस्तीची वाट म्हणजे दोन खोल्यांमधला बोळ.

लिनक्सच्या काळात वाचक जगभर पसरले. 1992 मध्ये ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि त्याच्या ‘हाउटू’ लेखांवर एक अख्खी पिढी लिनक्स शिकली. त्यात लिहायचे तर एसजीएमएलवर आधारलेली एक खुणांची भाषा शिकावी लागे. पुढे तिची जागा डॉकबुकने घेतली. दोन्हींत मजकुरापेक्षा कोनकंसांचीच गर्दी जास्त. पायथन भाषेचे डॉक्युमेंटेशन लेटेकमध्ये होते. गणिताच्या प्राध्यापकाला ते सोयीचे, शाळेतल्या शिक्षकाला नाही. पायथन 2.6 च्या वेळी, 2008 मध्ये, गेऑर्ग ब्रांडल यांनी ते सगळे साध्या मजकुराच्या मांडणीत आणले आणि त्यासाठी घडवलेले ‘स्फिंक्स’ हे साधन मग शेकडो प्रकल्पांनी उचलले. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, डॉक्युमेंटेशनही 2016 मध्ये जोनाथन कॉर्बेट यांच्या देखरेखीखाली डॉकबुक सोडून स्फिंक्सकडे वळले. तोवर 2004 मध्ये आलेले जॉन ग्रूबर यांचे मार्कडाउन सर्वत्र पसरले होते. मजकुरात दोन तारे आणि एक चौकट टाकता आली की पुरे, इतपत ते सोपे.

खुणांची भाषा सोपी झाली तरी पाठवण्याची रीत अवघडच होती. कर्नेलमध्ये आजही दुरुस्ती ईमेलने जाते आणि तिच्या तळाशी ‘हे माझे काम आहे आणि ते देण्याचा मला हक्क आहे’ अशा अर्थाची सहीची ओळ लागते. ही अट 2004 मध्ये आली, एससीओ कंपनीने लिनक्सच्या मालकीवरून कोर्टबाजी सुरू केल्यानंतर. ईमॅक्ससारख्या ग्नू प्रकल्पांत सुमारे पंधरा ओळींच्या वर काही द्यायचे तर स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून देणारे कागद भरावे लागतात. कायद्याच्या बाजूने या अटींना कारणे आहेत. पण एक परिच्छेद सुधारायला निघालेल्या माणसाला त्या तहसील कचेरीची आठवण करून देतात.

गिटहबवर 2011 मध्ये एक छोटी सोय आली. दुसऱ्याच्या रेपोमधली फाइल उघडून ‘संपादन’ दाबले, की फोर्क आपोआप तयार होई आणि ब्राउझरमध्येच लिहिता येई. आपल्या संगणकावर काहीही न बसवता! पुढे डॉक्युमेंटेशनच्या प्रत्येक पानावर ‘हे पान सुधारा’ असा दुवा किंवा पेन्सिलीचे चित्र देण्याचा प्रघात पडला. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये आपले तांत्रिक डॉक्युमेंटेशन नव्या संकेतस्थळावर हलवताना ही सोय दिली. खुद्द गिटहबने आपली मार्गदर्शक पाने ऑक्टोबर 2020 मध्ये खुली केली. सर्व्हरवरची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या साधनाच्या रेपोमध्ये पुल रिक्वेस्ट येताच बदललेले पान संकेतस्थळावर कसे दिसेल याची तात्पुरती प्रत उभी राहते, त्यामुळे पाठवणाऱ्यालाही आपली चूक लगेच दिसते.

पीएचपी या वेबसाठीच्या भाषेचा मार्ग निराळा. त्याच्या मॅन्युअलच्या पानांखाली वाचकांना टिपा जोडता येतात. जुन्या पीएचपी प्रोग्रॅमरांना विचारले तर कित्येकदा वरच्या अधिकृत वर्णनापेक्षा खालची टीपच कामी आली, असे ते सांगतील. पोथीच्या समासात वाचकाने लिहावे तसे हे लेखन. गैरसोय अशी की टीप खाली साचत राहते आणि वरचा मजकूर तसाच राहतो. वाचकाला दोन्ही ताडून पाहावे लागते.

विकीतून गिटकडे: एक मोठा प्रयोग

रस्ता सोपा करण्याची किंमत कोण मोजतो, हे समजायला एमडीएनइतके बोलके उदाहरण नाही. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट यांचा हा संदर्भकोश मोझिलाने 2005 मध्ये सुरू केला. नेटस्केपच्या काळातला मजकूर एओएलकडून परवाना घेऊन मिळवला होता. पंधरा वर्षे तो विकी होता. सॉफ्टवेअर बदलत गेले, पण तत्त्व एकच: कोणीही यावे, खाते उघडावे, बदलावे, आणि बदल लगेच दिसावा. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून ज्या रीतीने चालतो तीच ही रीत. 2017 मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग आणि वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी यांनीही एमडीएनला हातभार लावायचे ठरवले, तेव्हा वेबचा सामायिक संदर्भकोश म्हणून त्याचे स्थान पक्के झाले.

विकीचा उंबरा जमिनीला टेकलेला असतो. त्यावरून नवखे आत आले, तसे जाहिरातखोरही आले. ते थोपवायला स्वयंचलित चाळण्या बसवाव्या लागल्या. तांत्रिक चूकही थेट प्रसिद्ध होई. पानावर ‘तपासणी हवी’ अशी खूण लागे, पण तपासणारा सापडेपर्यंत हजारो वाचकांनी ती वाचलेली असे.

ऑगस्ट 2020 मध्ये मोझिलाने सुमारे 250 जणांना कामावरून कमी केले आणि एमडीएनच्या लेखकवर्गाला त्याचा जबर फटका बसला. डिसेंबर 2020 मध्ये सगळा मजकूर विकीतून उचलून गिटहबवर ठेवण्यात आला. आता प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टने येणार आणि आधी तपासला जाणार. म्हणजे उंबरा मुद्दाम थोडा उंच केला. गिट न जाणणारे काही जुने विकीकर यात दुरावणार, ही भीती तेव्हा उघडपणे बोलली गेली. पण नवे पाहुणेही आले, कारण वेबसाठी काम करणाऱ्यांना पुल रिक्वेस्ट हातवळणीची होती. सुरुवातीला फाइली कच्च्या एचटीएमएलमध्ये होत्या. 2021 पासून त्या टप्प्याटप्प्याने मार्कडाउनमध्ये आणल्या. पानाच्या तळाशी चूक कळवण्याचा दुवा आला, ज्यात कोणते पान, कोणती फाइल हे आधीच भरलेले असते. ज्याला दुरुस्ती लिहायची नाही त्याला निदान बोट दाखवता यावे, एवढी ही सोय.

तपासायला माणसे हवीत, ती आली जानेवारी 2021 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘ओपन वेब डॉक्स’ या संस्थेकडून. निरनिराळ्या कंपन्यांच्या पैशातून ती पगारी लेखक नेमते. या लेखकांच्या कामाचा एक भाग स्वतः लिहिण्याचा, तर दुसरा बाहेरून येणाऱ्यांचे वाचून उत्तर देण्याचा. एमडीएन आज चालते ते या दुसऱ्या भागामुळे.

बक्षिसाची भानगड

माणसे येत नाहीत तर आमिष दाखवावे, हा विचार कुणालाही सुचेल. तो दोनदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला आणि दोन्ही वेळा अंगाशी आला.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने जुलै 2016 मध्ये ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचा विभाग चाचणीसाठी उघडला. प्रश्नोत्तरांत गुणांच्या जोरावर लाखो लोक लिहितात, तर उदाहरणांसह माहितीपानेही तशीच लिहितील, हा हिशेब. पण उत्तर लिहिणाऱ्यासमोर अडलेला माणूस असतो. माहितीपान लिहिणाऱ्यासमोर कोणी नसते. शिवाय सुरुवातीच्या नियमांत किरकोळ फेरफार करणाऱ्यालाही गुण मिळत राहत, त्यामुळे सोप्या पानांवर झुंबड आणि अवघड पानांवर शुकशुकाट. नियम कडक करून पाहिले, पण ऑगस्ट 2017 मध्ये विभाग बंद झाला.

दुसरा प्रयोग हॅक्टोबरफेस्टचा. डिजिटलओशन कंपनी 2014 पासून दर ऑक्टोबरात मुक्त सॉफ्टवेअरला योगदान देण्याचा हा सोहळा करते. 2020 मध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टीशर्ट मिळणार होता. चार पुल रिक्वेस्ट मिळवण्याची सर्वांत सोपी जागा कोणती? रीडमी. शीर्षकात एखादे ‘अमेझिंग’ घुसवायचे आणि पाठवायचे. मेंटेनर इतके वैतागले की महिन्याच्या तिसऱ्याच दिवशी आयोजकांनी नियम फिरवला: जे प्रकल्प स्वतःहून होकार देतील त्यांच्यातलेच योगदान धरायचे. 2023 मध्ये टीशर्टही गेला, त्या जागी डिजिटल बिल्ला आला.

दोन्ही प्रयोगांत बक्षीस पाठवण्याला होते. वाचणाऱ्याला, परत पाठवणाऱ्याला, समजावून सांगणाऱ्याला काहीच नव्हते. एक टायपो दुरुस्त करायला अर्धे मिनिट लागते, पण ती दुरुस्ती खरी की रिकामी हे पाहायला, उत्तर द्यायला आणि सामावून घ्यायला दुसऱ्या टोकाला पाच मिनिटे जातात. शंभर टायपो म्हणजे कुणाचा तरी पूर्ण दिवस. आणि तो माणूस बहुधा बिनपगारीच असतो. लिनक्सच्या मॅन्युअल पानांचा भार 2004 पासून दीड दशक मुख्यतः मायकेल केरिस्क या एका माणसाने वाहिला, यावरून दुसऱ्या टोकाच्या गर्दीची कल्पना यावी.

तरीही छोट्या दुरुस्त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. पिंटो, स्टाइनमाकर आणि जेरोसा या संशोधकांनी 2016 मध्ये एकदाच येऊन जाणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत योगदान देणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे असे पाहुणे होते, पण एकूण बदलांत त्यांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी. त्यांच्या कामात टायपो आणि व्याकरणाच्या दुरुस्त्या ठळक होत्या, पण दोष काढणे आणि नवी सोय जोडणे हेही होते. टायपो हा अनेकांचा पहिला नमस्कार असतो. त्याला कोणी प्रतिसाद देतो की नाही, यावर पुढचे ठरते.

उत्तर कोण देणार?

वरच्या अभ्यासातल्याच, ब्राझीलच्या इगोर स्टाइनमाकर यांनी नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरमध्ये येताना नडणाऱ्या अडथळ्यांची यादी केली. ती 58 वर गेली. त्यांतले 13 निव्वळ माणसांच्या वागण्याचे आहेत: उत्तरच न येणे, उशिरा येणे, तुसडे येणे, किंवा आले तरी नवख्याला न कळेल अशा भाषेत येणे. उरलेल्यांत कुठून सुरुवात करावी ते न कळणे, स्वतःच्या संगणकावर प्रकल्प उभा न राहणे, आणि डॉक्युमेंटेशनच धड नसणे हेही आहे. डॉक्युमेंटेशन सुधारायला निघालेला माणूस डॉक्युमेंटेशनच्या अभावाने परत फिरतो, असा हा पेच.

चांगले प्रकल्प या पेचातून वेगवेगळ्या वाटा काढतात. वेबसाइट घडवायच्या जँगो या साधनाच्या मार्गदर्शक पानांत पहिल्या योगदानाचा एक धडा आहे. त्यात शिकणाऱ्याने एक लुटुपुटीचे फंक्शन लिहायचे, जे फक्त ‘टोस्ट’ हा शब्द परत देते. मग त्याची चाचणी लिहायची आणि त्याचे डॉक्युमेंटेशनही. भातुकलीच्या भांड्यांत स्वयंपाक शिकावा तसे हे. कुणाच्या खऱ्या रांगेत न घुसता हात बसतो. एक्सप्रेसच्या रीडमीवर जे घडले ते टाळायला अशी खेळातली चूल हाताशी असती, तर कदाचित पुरले असते. डॅनिएले प्रोचिदा यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या कार्यशाळांचे नावच ‘कमिट करायला भिऊ नका’ असे होते. पुढे ‘डायटॅक्सिस’ ही मांडणी लोकप्रिय केली तीही त्यांनीच: डॉक्युमेंटेशन चार प्रकारचे असते, शिकवणारा धडा, काम करून देणारी कृती, संदर्भ आणि उलगडा. नवख्याला यातला पहिला आणि दुसरा प्रकार तपासता येतो. चौथा सहसा नाही. हे आधी सांगितले तर बिचाऱ्याची चुकीच्या पानावर दमछाक होत नाही.

यंत्रालाही वाटा उचलता येतो. रस्ट भाषेत डॉक्युमेंटेशनमधले कोडचे उदाहरण चाचण्यांबरोबर खरेच चालवून पाहिले जाते, त्यामुळे ते जुने झाले की बोंब आपोआप उठते. शुद्धलेखन आणि शैली तपासणारी साधने पुल रिक्वेस्टवर आधीच शेरे मारतात. शेरा यंत्राचा असेल तर नवख्याला तो मनाला लागत नाही आणि मेंटेनरचा वेळ मुद्द्याच्या गोष्टींसाठी उरतो.

पण यंत्राला मर्यादा आहे. 2023 च्या मध्यावर एमडीएनवर कोड समजावून देणारे एक एआय बटण आले. ते चुकीचे अर्थ ठासून सांगते आहे, हे वाचकांनीच उदाहरणांसह दाखवले आणि काही दिवसांतच ते थांबवावे लागले. तक्रार नोंदवण्याची वाट मोकळी होती, म्हणून हे इतक्या लवकर घडले.

पैशाचा उपाय गूगलने 2019 मध्ये ‘सीझन ऑफ डॉक्स’मधून केला. आधी तांत्रिक लेखकांना मानधन देऊन प्रकल्पांशी जोडले. 2021 पासून रक्कम प्रकल्पाकडे दिली, लेखक त्यानेच निवडावा. बदल लहान दिसतो, पण त्यामुळे लेखकाला घरात बोलावणारा आणि त्याचे काम वाचणारा एकच ठरला.

आणि भाषा

गिटहबच्या त्याच सर्वेक्षणात मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातल्या जवळपास 25 टक्के लोकांनी आपले इंग्रजी ‘फार चांगले’ नसल्याचे सांगितले. डॉक्युमेंटेशन जवळपास सगळे इंग्रजीत आणि त्यावरची चर्चाही इंग्रजीत. नागपूर-नांदेडकडच्या एखाद्या विद्यार्थिनीला चूक दिसली तरी ‘इथे एक पायरी राहिली आहे’ एवढे इंग्रजीत लिहायची धास्ती वाटू शकते. म्हणून भाषांतर ही नवख्यासाठी अनेकदा सर्वांत जवळची पायरी ठरते. मराठीत हे काम नवे नाही. फायरफॉक्स मराठीत आहे. रेड हॅटने 2004 मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट आणि पुण्यातल्या त्यांच्या कार्यालयातले भाषांतराचे काम यांतून मुक्त सॉफ्टवेअरच्या पडद्यावरची मराठी घडत गेली. पण पडद्यावरची चार शब्दांची बटणे वेगळी आणि पानेच्या पाने मजकूर वेगळा.

एमडीएनने डिसेंबर 2020 मध्ये गिटकडे वळताना इंग्रजीखेरीज सगळ्या भाषांतली पाने गोठवली. कारण सरळ होते: मूळ पान बदलत राहते, भाषांतर जुने होते, आणि जुने भाषांतर वाचकाला फसवते. पुढच्या वर्षापासून फ्रेंच, जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, रशियन, ब्राझिली पोर्तुगीज अशा भाषा पुन्हा उघडल्या. भाषांतराची हौस कितीजणांना आहे याला फारसे महत्त्व दिले नाही. आलेले भाषांतर नियमित तपासणारा चमू त्या भाषेत उभा राहिला आहे का, एवढेच पाहिले. मराठी त्या यादीत नाही, हिंदीही नाही.

कुबरनेटीसने हाच नियम आकड्यात मांडला आहे. तिथे नवी भाषा सुरू करायला किमान दोन माणसे लागतात, कारण स्वतःची पुल रिक्वेस्ट कोणालाच मंजूर करता येत नाही. हिंदी आणि बंगालीतली पाने तिथे याच रीतीने येत गेली: एकाने लिहिले, दुसऱ्याने वाचले, खोडले, परत पाठवले आणि मग मंजूर केले.